पादत्राणे बाहेर काढावीत

३० मार्च २०२५, रविवार. पाडवा.

नारळ पहिल्याच फटक्यात फुटला! हरिश्चंद्रभाऊ म्हणाले, "आशालताबाई, रिबीन तुम्हीच कापा." चेअरमन ते, सेक्रेटरी मी – पण मैदान माझं, हे साऱ्या सोसायटीला माहीत आहे. दोन वर्षं कमिटीच्या डोक्यावर बसले होते. तिसऱ्या मजल्यावरचा धवल घसरगुंडीवरून खालच्या फरशीवर तोंडावर आपटला, पुढचा दात गेला, त्या दिवसापासून. सात वर्षांचं पोर! तेव्हाच ठरवलं, मुलांना पडायला मऊ जागा हवी.

आणि आता बघावं – निळं, लाल, हिरवं! पाऊल ठेवलं की जरा दबतं. जुन्या टायरचा चुरा करतात, चिकट रसायनात कालवतात आणि थापून बसवतात. आमचा संकेत वालीवच्या ज्या कारखान्यात सुपरवायझर आहे तिथलाच माल. घरचंच काम म्हणून त्याने स्वतः उभं राहून करून घेतलं. जे टायर कुणीतरी जाळून नुसता धूर केला असता, ते मुलांच्या उपयोगी पडले. याहून चांगलं काय!

हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली. मग कुणीच चपला घालून वर जाईना. मोठी माणसंसुद्धा कडेला चपला काढून गेली. मला ते फार आवडलं. पूजा झालेली नवी जागा, तिच्यावर रस्त्यावरची घाण कशाला? उद्या पाटी रंगवते.

एक तेवढं खटकलं. ओवी खाली आली नाही. एकुलती नात, चार वर्षांची, आणि आजीच्या मैदानाला गैरहजर! क्षितिजा म्हणाली अंग गरम आहे. मी थर्मामीटर लावला. अठ्ठ्याण्णव! याला ताप म्हणतात होय? पण सणाचा दिवस. सुनेशी वाद नको म्हणून थर्मामीटर डबीत ठेवला.

१ एप्रिल, मंगळवार

पाटी लागली. "कृपया पादत्राणे बाहेर काढावीत." पांढऱ्यावर निळी अक्षरं. छत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलंय, हात अजून हलत नाही.

संकेतच्या मालकांना एक समाधानपत्र हवं होतं, तेही लिहून दिलं. खाली सही, निवृत्त मुख्याध्यापिका. जूनमध्ये ते दोन बालवाड्यांत असंच मैदान करणार आहेत. म्हणाले, "बाई, तुमच्या शब्दाला वजन आहे." आहेच!

४ एप्रिल, शुक्रवार

पाटी वाचायला कुणाला वेळ आहे? संध्याकाळी बदामाखालच्या बाकावर बसते आणि ओरडते, "ए, चपला!" मुलं मागून मला चपला-आजी म्हणतात असं कळलं. म्हणू देत. मैदान स्वच्छ आहे ना, मग झालं.

७ एप्रिल, सोमवार

चौथ्या मजल्यावरची प्रिस्का आली होती. मुंबईच्या हॉस्पिटलात नर्स आहे. कडेवर तिची कॅथरिन – सव्वादोन वर्षांची, गालाला खळी, कुणाकडेही जाते.

"काकू, दुपारी खिडकी उघडली की वास येतो हो. गॅरेजमध्ये बसल्यासारखं वाटतं. आणि हिचे तळवे बघा, साबणाने जात नाय. ही बोटं तोंडात घालते सारखी."

तळवे काळे होते खरे. मी म्हटलं, "नवीन आहे. नव्या चपलेलासुद्धा वास येतो. महिनाभरात जाईल."

"तपासणीचा कागद आहे काय? कशाकशाचे टायर होते, त्यात काय काय सापडलं, असा?"

आहे तर! फाईलला लावलाय. माझी सही आहे त्यावर. तोंडावर सांगितलं. जरा जोरातच सांगितलं. नर्स झाली म्हणजे सगळं हिलाच कळतं काय? गेली बिचारी.

९ एप्रिल, बुधवार

धवल लंगडत होता. त्याच्या आजीने सुईने टाचेतून तारेचा तुकडा काढला. केसाएवढा बारीक. शाळेतून आणला असेल.

१३ एप्रिल, रविवार

आज ठरवलंच होतं, ओवीला मी स्वतः घेऊन जाणार. फ्रॉक घातला, वेणी घातली. आणि संकेत उठला! रविवारी अकरा वाजेपर्यंत लोळणारा माणूस सकाळी सातला गाडीची किल्ली घेऊन उभा. "चल ओवी, सुरुचीच्या समुद्रावर, वाळूत खेळू." पोर माझा हात सोडून पळाली.

दोन आठवड्यांत एकदा पोहणं, एकदा डान्स, एकदा आजोळ, एकदा सर्दी. हे सगळं क्षितिजाचं. सोसायटीची पोरं तिच्या लेकीच्या तोलाची नाहीत! संकेतलाही आता तिने आपल्यासारखं करून ठेवलंय. हे असते तर मी त्यांच्यापाशी बडबडले असते. आता ही वही आहे.

१६ एप्रिल, बुधवार

उन्हाने जीव नको केलाय. घसरगुंडीच्या पायथ्याशी लाल रंग निघाला आणि खाली नुसतं काळं. भुगा सुटतोय. चिमटीत घेतला, बोटं काळी झाली. संकेतला विचारलं. "वापराने जातो गं रंग, आई." मोबाईलमधून मान वर केली नाही.

२० एप्रिल, रविवार. ईस्टर.

कॅथरिनचे दोन्ही तळवे भाजले. आपल्या मैदानावर. दुपारी साडेबाराला. हॉस्पिटलात नेलंय.

ऊन फार होतं. आता लिहवत नाही.

२१ एप्रिल, सोमवार

काल लिहिलं की ऊन फार होतं. या पानालासुद्धा अर्धंच सांगितलं! आता पूर्ण लिहिते. नाहीतर वही ठेवायची तरी कशाला?

प्रिस्काची माणसं चर्चमधून आली होती, जेवायला पाहुणे. प्रिस्का सगळ्यांच्या दारी ईस्टरचा फराळ वाटत होती. माझ्याकडेही स्टीलचं ताट आणून दिलं. साखरेची गुलाबी अंडी, केक, वर क्रोशाचा रुमाल. म्हणाली, "हॅपी ईस्टर, काकू." मागचं बोलणं तिने मनात ठेवलेलं दिसलं नाही. ताट घरात ठेवून मी खाली पाटीची एक बाजू सुटली होती ती बघायला गेले. पोरं खाली खेळत होती. कॅथरिनला नवा पांढरा फ्रॉक, पायात नवे पांढरे सँडल. बकल असलेले.

ती मैदानाच्या कडेला आली. आणि मी तिला अडवलं.

"थांब गं बाळा. सँडल काढायचे ना?"

गुडघे दुखतात, तरी मी खाली बसले. दोन्ही बकलं मी सोडली. माझ्या हाताने. सँडल बाजूला जोडीने नीट लावून ठेवले. ती हसली. मग तुरुतुरु आत गेली, आठदहा पावलं.

आणि थांबली. मोठं मूल उडी मारून बाहेर येतं. हिला ते कळलंच नाही! जागच्या जागी उभी राहिली. तोंड उघडलं पण आवाज नाही. मला वाटलं, शी लागली असेल. मी बाकावर जाऊन टेकले होते, तिथूनच म्हटलं, "काय गं, काय झालं?" तेवढ्यात ती किंचाळली. तरी पाय उचलेना. हात माझ्याकडे केले होते.

मी धावले असं लिहिणार होते. धावता कुठे येतं मला? प्रिस्काचा भाऊ इग्नेशियस गॅलरीतून जिने उतरून आला, तो माझ्या आधी पोचला. त्याने उचललं तेव्हा एका तळव्याची कातडी सैल झालेली दिसली. मी म्हणाले, टूथपेस्ट आणते. प्रिस्का माझ्या अंगावर ओरडली, "काही लावू नका! नळ, नळ!" बागेच्या नळाखाली वीस मिनिटं धरून बसली. पांढरा फ्रॉक सगळा चिखलात.

सँडल तिथेच राहिले. मी उचलून आणले. माझ्या कपाटात आहेत.

२२ एप्रिल, मंगळवार

दोन्ही पायांना बँडेज. दोन-तीन आठवडे चालायचं नाही. डाग राहतील की नाही, डॉक्टर आताच सांगत नाहीत.

इग्नेशियस ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. दुपारी एकला लॅबमधलं उपकरण घेऊन आला – लांबून धरलं की आकडा दाखवणारं. हवा छत्तीस. शेजारची माती एकोणपन्नास. आपलं मैदान अडुसष्ट! तीनदा घेतलं. मी चष्मा पुसून तीनदा वाचलं.

"बाई, काळं रबर उन्हात असंच तापतं," तो म्हणाला. "म्हणून वर सावली लागते, चपला लागतात. भर दुपारी बंद ठेवायला लागतं."

चपला लागतात! आणि मी बाकावर बसून ओरडत होते.

मी वासाचं विचारलं. त्याने उगाच घाबरवलं नाही. "त्यात काय आहे आणि पोरांना पुढे काय होईल, हे मी आज छातीठोक नाय सांगू शकत. कळायला वर्षं लागतात. पण चांगला माल असेल तर कंपनी कागद दाखवते. तुमच्याकडे कागद आहे ना?"

आहे, म्हटलं. या वेळी हळू आवाजात.

२३ एप्रिल, बुधवार

सकाळी सहाला खाली गेले. फ्रिजवरचं महाबळेश्वरचं लोहचुंबक – लाल स्ट्रॉबेरी – रुमालात गुंडाळून नेलं. चौथीला शिकवायचे मी हे. वाळूत फिरवा, काय चिकटतं ते वहीत लिहा.

घसरगुंडीपाशी सुटलेल्या भुग्यात फिरवलं. उलटून बघितलं तर रुमालावर केस उगवले होते! बारीक, ताठ, टोकदार. टायरच्या आतली तार. एक माझ्या अंगठ्यात घुसली. धवलने शाळेतून आणली नव्हती.

पाटी उपटली. स्क्रू निघेना, तर लाथ मारली. त्रेसष्टाव्या वर्षी पाटीला लाथ मारणारी बाई दूधवाल्याने पाहिली. बघू दे.

कडेने दोरी बांधून मैदान बंद केलं.

२४ एप्रिल, गुरुवार

फाईल काढली. तपासणीचा कागद वाचला – पहिल्यांदा! मुलांच्या वहीत एक वेलांटी चुकली तर मी पान परत लिहायला लावायचे. आणि या कागदावर न वाचता सही केली, कारण माझ्या मुलाने समोर धरला होता.

कागद दोन वर्षांपूर्वीचा. माल – व्यायामशाळेसाठी चटया. आपल्या मैदानाचा त्यात शब्द नाही.

संकेतला समोर बसवलं. क्षितिजा ओवीला घेऊन आतल्या खोलीत गेली.

"हे काय आहे?"

आधी उडवाउडवी. मग स्ट्रॉबेरी टेबलावर ठेवली, तेव्हा मान खाली घातली. चुऱ्यातली तार ओढून घेणारं मोठं चुंबक असतं कारखान्यात. ते महिनाभर बंद पडलं होतं. पाडव्याला मैदान तयार हवं म्हणून माल तसाच निघाला. वरचा रंगीत थर वेगळ्या स्वच्छ रबराचा असायला हवा. तो नव्हताच. टायरचाच चुरा रंगवला होता.

"तुला माहीत होतं?"

"नाही आई. मला नंतर कळलं. गेल्या आठवड्यात. ओवीची शपथ."

रडला. चाळिशीला आलेला माणूस, शाळेत मार खाल्ल्यासारखा हमसून रडला. लेकीची शपथ कोण खोटी घेतं? मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो फसवला गेला, मी फसवले गेले. मालकाने दोघांना फसवलं. असं वाटून जरा बरं वाटलं. तेही लिहून ठेवते.

२५ एप्रिल, शुक्रवार

हरिश्चंद्रभाऊ आले. रविवारी संध्याकाळी सहाला सगळ्या सभासदांची मीटिंग. सेक्रेटरीने झालेल्या प्रकाराचं निवेदन वाचायचं.

भाऊ मूळचे इथल्याच उमेळे गावचे. ही बिल्डिंग त्यांच्याच केळीच्या वाडीवर उभी आहे. माणूस वाईट नाही. पण भांडणाला भितो. "बाई, असं लिवा. कडक ऊन होता, आईबापाचं लक्ष नव्हता. संपला. तुमच्या पोराचं नाव आला तर उद्या पोलीस येतील दारात. कशाला बाय?"

म्हटलं, "सँडल मी काढले, भाऊ."

"ते कोनी बघला?"

मी बघितलं ना! पण मी उठून चहा टाकायला गेले.

संकेत जेवला नाही. म्हणतो, मालकाने सांगितलंय, एक ओळ जरी कारखान्याविरुद्ध गेली तर सगळं तुझ्यावर ढकलीन. तूच उभा होतास. आणि बालवाड्यांचं काम तर ठरलंय, तुझ्या आईचं पत्र लावून.

तिथली मुलं अडीच-तीन वर्षांची असणार. त्यांना तर पाटीचीही गरज नाही. बालवाडीत चपला दारातच काढतात.

२६ एप्रिल, शनिवार

प्रिस्काकडे गेले. ताट तसंच ठेवून गेले, कारण रिकामं ताट परत द्यायचं नसतं आणि त्यात घालायला माझ्याकडे काय आहे? शिरा करून नेऊ? तिच्या लेकीचे पाय भाजून शिरा?

कॅथरिन पलंगावर बसली होती. मला बघून तिने पाय पोटाशी घेतले. रडली नाही, नुसते पाय ओढून घेतले. माझ्याकडे पूर्वी झेपावणारं पोर! प्रिस्का म्हणाली, "काकू, बसा." पाणी दिलं. एवढंच म्हणाली, "मीटिंगमध्ये खरं काय ते येऊ दे. मला कुणाला फाशी नाय द्यायची. पण दुसऱ्या कुणाचं पोर नको."

मी हो म्हटलं. घरी आले आणि निवेदन लिहायला बसले.

चार कागद फाडले. पाचवा ठेवला. "तीव्र उन्हामुळे पृष्ठभाग तापून दुर्दैवी अपघात घडला. यापुढे दुपारी मैदान बंद राहील." खोटा एकही शब्द नाही! मराठी चांगलं असण्याचा हा उपयोग. समाधानपत्राचं आज बघत नाही, बालवाड्यांच्या लोकांना नंतर हळूच फोन करीन. पोराला आधी वाचवते. त्याला माहीत नव्हतं. माहीत असतं तर गोष्ट वेगळी. पण त्याला माहीत नव्हतं, आणि मी आई आहे.

संकेतला वाचून दाखवलं. पाया पडला.

२७ एप्रिल, रविवार

सकाळी ओवी माझ्या ताटातले पोहे खात होती. उगाच म्हटलं, "खालचं मैदान आता बंद झालं हं."

"मी नाहीच जात तिथे. बाबाने प्रॉमिस घेतलंय."

"कधी गं?"

"तुम्ही नारळ फोडला ना, तेव्हा. तिथे घाण टायर आहेत, पायात तारा जातात. आजीला सांगायचं नाही बोलला."

पाडव्याला! अठ्ठ्याण्णव ताप!

तिचे पाय मांडीवर घेतले. तळवे उलटे करून खिडकीच्या उजेडात बघितले. धवलचे काळे, कॅथरिनचे भाजलेले, सोसायटीतल्या एकूणएक पोराचे काळे. माझ्या नातीचे स्वच्छ. एक डाग नाही. ओवी हसायला लागली, म्हणाली, आजी, गुदगुल्या होतात.

पाचवा कागद फाडला. सहावा लिहिला. त्यात चुंबक आहे, तार आहे, सँडल कुणी काढले ते आहे आणि संकेतचं पूर्ण नाव आहे. बालवाड्यांना वेगळं पत्र – माझा शब्द मी परत घेत आहे.

संकेत अजून झोपलाय. प्रिस्काच्या ताटात दोन्ही कागद ठेवले, शेजारी ते छोटे सँडल. मीटिंग सहाला आहे. मी आत्ताच वर जाते आहे.